डोंगरावर इंजिन नेणारा माणूस

प्रत्येक कॉलेजच्या पार्किंगमध्ये एक तरी जण असा असतोच, ज्याच्या डोक्यात चोवीस तास टर्बो फिरत असतो. गाडी साधीच, कंपनीतून आली तशी. पण तिच्यात टर्बो किट बसवायचंच, हे त्याचं ठरलेलं असतं. व्हिडिओ पाहून झालेले असतात, किटची किंमत तोंडपाठ असते, गॅरेजवाल्या दादाशी बोलणीही सुरू असतात. किट बसलं की गाडी नुसती उडेल, यावर त्याची श्रद्धा असते.

तुम्हीच तो जण असाल, किंवा त्याचे दोस्त असाल, तर एका माणसाशी तुमची ओळख व्हायलाच हवी. त्याचं नाव सॅनफर्ड मॉस. टर्बोची मूळ कल्पना त्याची नव्हे. इंजिनाच्या धुरावर चाक फिरवून त्याच इंजिनात हवा कोंबायची, हे पेटंट स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूशीने १९०५ मध्ये मागितलं होतं. पण कारखान्यातून आलेलं तयार इंजिन घेऊन त्यावर बाहेरून टर्बो बसवायचा, तो मोजून-मापून नीट चालवून दाखवायचा आणि पुढे हजारो विमानांवर न्यायचा, हे काम मॉसचं. आज तुम्ही ज्याला आफ्टरमार्केट किट म्हणता, तसला उद्योग त्याने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी केला. तोही एका डोंगराच्या माथ्यावर.

हवेशी मैत्री

मॉसचा जन्म १८७२ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास तो एका यंत्रशाळेत उमेदवारीला लागला. तिथे दाबलेल्या हवेवर चालणारी यंत्रं बनायची. हात काळे करत, लेथवर काम शिकत असताना या पोराच्या डोक्यात एक विचार शिरला. हवा दाबायची, त्या दाबलेल्या हवेत इंधन जाळायचं, आणि फुगलेल्या तप्त वायूचा झोत एका चाकाच्या पात्यांवर सोडायचा. मग वाफ नको, बॉयलर नको, पिस्टनही नको. आज याला आपण गॅस टर्बाइन म्हणतो.

कल्पना भारी होती, पण नुसत्या कल्पनेवर चाक फिरत नाही. मॉसला हे कळत होतं, म्हणून हाताचं कौशल्य आल्यावर तो शिकायला गेला. आधी कॅलिफोर्निया विद्यापीठात इंजिनिअरिंग केलं आणि पुढे कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेटसाठी तोच विषय घेतला. तिथे त्याने खरंखुरं यंत्र उभं केलं. ज्वालेच्या झोतावर चाक फिरलं! पण हिशोब मांडला तर घाटा निघाला. चाक जेवढी ताकद देत होतं, त्याहून जास्त ताकद हवा दाबणारा कॉम्प्रेसर खात होता. खिशात येण्याआधीच पगार संपावा, तशातला प्रकार.

१९०३ मध्ये डॉक्टरेट घेऊन मॉस मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत रुजू झाला. तिथेही तोच ध्यास. कंपनीने काही वर्षं पैसा ओतला. पण त्या काळच्या धातूंना ती उष्णता झेपत नव्हती आणि कॉम्प्रेसर हवे तेवढे कार्यक्षम नव्हते. १९०७ मध्ये कंपनीने हा प्रयोग गुंडाळला.

आता बघा, पस्तिशीच्या माणसाचं सोळाव्या वर्षापासूनचं स्वप्न मोडलं. त्याने काय करावं? मॉसने नोकरी सोडली नाही. त्या मोडलेल्या यंत्राचा एक तुकडा त्याने उचलला. कॉम्प्रेसर कमी पडला ना? मग कॉम्प्रेसरच शिकू. पुढची दहा वर्षं तो कारखान्यांना लागणारे, गरगर फिरून हवा दाबणारे कॉम्प्रेसर बनवत राहिला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असेल की गडी कामाला लागला आणि स्वप्न विसरला. पण त्या दहा वर्षांत या विषयातला दांडगा अनुभव त्याच्या गाठीशी जमा झाला.

उंचीचा कर

१९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि विमानांचा एक जुनाच प्रश्न ऐरणीवर आला. विमान जसं उंच जाई, तसं इंजिन दमायला लागे. कारण सरळ आहे. इंजिन पेट्रोलवर जेवढं चालतं, तेवढंच हवेवरही चालतं. वर हवा विरळ. प्रत्येक घोटात हवा कमी, म्हणजे जळणारं इंधनही कमी, म्हणजे ताकद कमी.

लडाखला बाइक घेऊन गेलेल्या कोणालाही विचारा. पुण्यात तरतरीत असणारी गाडी खारदुंगला चढताना खोकायला लागते, आणि कार्ब्युरेटरवाली जुनी बाइक असेल तर काळा धूरही ओकते. गाडी बिघडलेली नसते. उंचीने तिच्याकडून कर वसूल केलेला असतो.

फ्रान्समध्ये ऑग्युस्त रातो हा इंजिनिअर विमानाच्या इंजिनावर टर्बो बसवायच्या खटपटीत होता. ती खबर अमेरिकेत विल्यम ड्युरांड यांच्यापर्यंत पोहोचली. ड्युरांड तेव्हा अमेरिकेच्या विमानविद्या सल्लागार समितीचे अध्यक्ष होते, आणि त्याआधी कॉर्नेलमध्ये प्राध्यापक होते. ज्वालेच्या झोतावर चाक फिरवणारा तो धडपड्या विद्यार्थी त्यांच्या लक्षात राहिला होता. त्यांनी जनरल इलेक्ट्रिककडे विचारणा केली आणि काम मॉसकडे आलं.

मॉसच्या दृष्टीने यात एक गंमत होती. गॅस टर्बाइनमध्ये तीन गोष्टी लागतात: हवा दाबणारा कॉम्प्रेसर, इंधन जाळायची जागा आणि तप्त वायूवर फिरणारं चाक. टर्बोतही तेच तीन. फक्त जाळायच्या जागी इथे अख्खं पिस्टन इंजिन बसलेलं. आणि कॉम्प्रेसर फिरवायला इंजिनाची ताकद उसनी घ्यायला नको. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग एरवी एक्झॉस्टमधून वाया जातो, त्यातलाच वाटा घ्यायचा. मोडलेल्या स्वप्नाचे दोन्ही तुकडे अचानक एकमेकांत बसले.

१४ हजार फुटांवरचं गॅरेज

इंजिन कुठलं घ्यायचं? अमेरिकेने युद्धासाठी एकच ठरावीक इंजिन काढलं होतं, त्याचं नाव लिबर्टी. बारा सिलिंडर, सुमारे २७ लिटर. आराखडा काही दिवसांत कागदावर उतरला आणि पुढे मोटार कंपन्यांनी ते हजारोंच्या संख्येने बनवलं. म्हणजे अगदी तुमच्या भाषेतलं स्टॉक इंजिन. मॉसला ते उघडून नव्याने घडवायचं नव्हतं. जसं आहे तसं ठेवून वर टर्बो चढवायचा होता.

पण चाचणी कशी घेणार? खाली, जाड हवेत टर्बोने ताकद वाढवली तरी उंचीवर काय होईल ते कळत नाही. थेट विमानात बसवून वर पाठवावं, तर काही तुटलं की वैमानिकाचा जीव जातो. शिवाय उडत्या विमानात इंजिनाची ताकद नीट मोजणार कशी?

मॉसने डोकं लढवलं. विमान हवेत न्यायचं नसेल, तर इंजिनच उंचीवर न्यावं. कोलोराडो राज्यात पाइक्स पीक नावाचा डोंगर आहे. उंची १४,१०९ फूट धरायचे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीचपटीहून जास्त. आणि दोनच वर्षांपूर्वी त्याच्या थेट माथ्यापर्यंत मोटारीचा रस्ता झाला होता. १९१८ मध्ये लिबर्टी इंजिन, टर्बो आणि ताकद मोजायची सामग्री असा सगळा संसार एका ट्रकवर लादून मॉस आणि त्याचे साथीदार वळणावळणाच्या रस्त्याने वर चढले. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के. चार पावलं भरभर चालली तरी धाप लागते. तिथे, थंडीवाऱ्यात, उघड्या ट्रकवर हे गॅरेज थाटलं गेलं.

आधी टर्बोशिवाय मोजणी झाली. खाली सुमारे ३५० अश्वशक्ती देणारं इंजिन वर सुमारे २३० वर आलं होतं. एक तृतीयांश ताकद उंचीने खाल्ली होती. मग टर्बो जोडला. मिनिटाला २० हजारांच्या घरात फेरे घेणारं ते चाक गरगरायला लागलं आणि त्याच जागी, त्याच विरळ हवेत इंजिनाने ३५६ अश्वशक्ती दिली.

३५६ च का?

हा आकडा नीट बघा. खाली ३५०, वर टर्बोसह ३५६. म्हणजे जवळपास तेवढेच! तुमच्यातला कोणी म्हणेल, मग एवढा खटाटोप करून मिळवलं काय? टर्बो लावून ५०० का नाही काढले?

मॉसचं शहाणपण इथे आहे. लिबर्टीचे पिस्टन, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग, सगळं ठरावीक ताकदीच्या हिशोबाने बनलेलं होतं. मॉसने त्याच्याकडे जास्तीचं काही मागितलंच नाही. उंचीने जे काढून घेतलं होतं, तेवढंच परत दिलं. सिलिंडरमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीला असतो तेवढा झाला, की काम फत्ते. इंजिनाला आपण डोंगरावर आहोत हे कळलंच नाही.

आता पार्किंगमधल्या दोस्ताकडे वळू. तुमच्या गावाची उंची एवढी नाही की गाडीची ताकद गेलीये. तिथे स्टॉक इंजिनावर टर्बो लावणं म्हणजे परतफेड नव्हे, सरळ वाढीव मागणी. मग ती मागणी कोणाकोणावर पडते ते पाहा.

बिनटर्बोच्या आजच्या पेट्रोल इंजिनात कम्प्रेशन रेशो बऱ्याचदा १० किंवा ११ च्या आसपास असतो. म्हणजे आत आलेली हवा पिस्टन आधीच भरपूर दाबतो. त्यात टर्बोने आधीच दाबलेली, दाबल्यामुळे तापलेली हवा आणून घातली, की ठिणगीने पेटलेली ज्वाला येऊन पोहोचायची वाट न पाहता उरलेलं मिश्रण आपोआप पेटायला लागतं. हेच नॉकिंग. बाहेरून टकटक आवाज येतो, पण आत पिस्टनच्या डोक्यावर घणाचे घाव पडत असतात. हवा वाढली आणि पेट्रोल त्या प्रमाणात वाढलं नाही, तर मिश्रण पातळ होऊन तापमान आणखी चढतं. पिस्टन वितळल्याच्या ज्या कहाण्या तुम्ही ऐकता, त्या बहुतेक इथून सुरू होतात.

म्हणून किट बसवणं म्हणजे टर्बोला चार बोल्ट मारणं नव्हे. मोठे इंजेक्टर लागतील, फ्युएल पंपाची क्षमता तपासावी लागेल. दाबलेली हवा गार करायला इंटरकूलर हवा. बूस्ट ठरावीक मर्यादेपुढे गेला की धुराला बाजूने वाट काढून देणारा वेस्टगेट हवा. टर्बोच्या बेअरिंगला सतत स्वच्छ तेल हवं. आणि या सगळ्यानंतर ईसीयूचं मॅपिंग: कोणत्या आरपीएमला, किती बूस्टला किती पेट्रोल आणि ठिणगी नेमकी कधी. हे डायनोवर, थोडं थोडं करत, मिश्रण आणि नॉकिंगवर डोळा ठेवून करायचं काम आहे. रात्री हायवेवर अंदाजाने नाही.

मॉसची पद्धत इथे जशीच्या तशी लागू पडते. आधी किट न लावता मोजा. इंजिन मुळात ठणठणीत आहे का, प्रत्येक सिलिंडरचं कम्प्रेशन सारखं आहे का, हे बघा. मग ते कुठवर झेपवू शकेल ते ठरवा. मग कमीत कमी बूस्टवर लावा, आणि त्याच परिस्थितीत पुन्हा मोजा. पहिला आकडा नसेल तर दुसऱ्या आकड्याला काहीच अर्थ नाही. २३० माहीत होते, म्हणून ३५६ ला किंमत आली.

आणखी एक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांपासून फारकत घेणारे बदल रस्त्यावरच्या गाडीत करता येत नाहीत. म्हणजे हा खेळ रेसिंग ट्रॅकवरच्या गाडीचा आहे. टेकडीवर क्लासला जायच्या गाडीचा नाही.

खुर्चीतला वैमानिक

डोंगरावरची मोजणी झाली त्याच सुमारास युद्ध संपलं. मॉसचा टर्बो त्या युद्धात उपयोगी पडलाच नाही. तरी अमेरिकी लष्कराने काम सोडलं नाही. १९१९ पासून ओहायोतल्या मॅककुक फील्डवर एका दोन पंखी विमानाच्या लिबर्टीवर टर्बो बसवून उड्डाणं सुरू झाली.

आणि मग नवाच पेच आला. इंजिनाला श्वास मिळाला, पण माणसाचं काय? २७ फेब्रुवारी १९२० रोजी मेजर रुडॉल्फ श्रोडर हे विमान घेऊन ३३ हजार फुटांच्या वर गेला. तिथे हवेचा दाब खालच्या एक चतुर्थांश उरतो. त्याचा ऑक्सिजन कमी पडला. डोळ्यांवरचा चष्मा वर केला तर कडाक्याच्या थंडीने डोळे गोठायला लागले. तो बेशुद्ध झाला आणि विमान काही मैल खाली कोसळत आलं. जमिनीजवळच्या दाट हवेत त्याला शुद्ध आली आणि कसंबसं त्याने विमान उतरवलं. तो वाचला. पुढच्या वर्षी जॉन मॅक्रेडीने त्याच जातीच्या विमानातून आणखी उंची गाठली.

यातला धडा प्रत्येक मॉडिफिकेशनवाल्याने लिहून ठेवावा असा आहे. एका भागाची मर्यादा तुम्ही हटवली, की ताण नाहीसा होत नाही, तो पुढच्या कमकुवत भागावर सरकतो. आज इंजिन सांभाळलंत तर उद्या क्लच घसरेल, परवा ब्रेक अपुरे पडतील. आणि सगळ्यात शेवटचा भाग म्हणजे सीटवर बसलेले तुम्ही.

मॉसपुढचा सर्वांत चिवट प्रश्न मात्र धातूचा होता. लालबुंद तापलेली पाती त्या वेगाने फिरताना ताणली जात, तुटत. त्याने टर्बाइनचं चाक विमानाच्या बाहेरच्या बाजूला, वाऱ्याच्या गार झोतात ठेवलं. पण खरं उत्तर मिळायला वर्षं गेली, आणि ते आलं कुठून? दंतवैद्यांकडून! दातांच्या कामासाठी तयार झालेला कोबाल्ट-क्रोमियमचा एक मिश्रधातू या पात्यांसाठी चपखल निघाला. मेणाचा नमुना करून ओतकाम करायची दंतवैद्यांची पद्धतही सोबत आली.

परत आलेलं स्वप्न

१९३८ मध्ये मॉस निवृत्त झाला. पण दुसऱ्या महायुद्धाची चाहूल लागली आणि त्याला परत बोलावणं आलं. बी-१७ आणि बी-२४ ही बॉम्बफेकी विमानं, पी-३८ आणि पी-४७ ही लढाऊ विमानं, सगळी टर्बोच्या जोरावर विरळ हवेत दमदार उडत होती. १९४० चा कॉलियर करंडक, म्हणजे अमेरिकेतला विमानक्षेत्रातला मोठा मान, मॉस आणि लष्कराच्या हवाई दलाला मिळून दिला गेला.

१९४१ मध्ये ब्रिटनच्या फ्रँक व्हिटलचं जेट इंजिन अमेरिकेत बनवायचं ठरलं. काम कोणाला द्यायचं? तापलेल्या वायूत वेगाने फिरणारी चाकं बनवायची सवय ज्यांच्या हाताला होती, त्यांना. म्हणजे लिनच्या कारखान्याला. १ ऑक्टोबर १९४२ रोजी अमेरिकेचं पहिलं जेट विमान उडालं. जेट इंजिन म्हणजे कॉम्प्रेसर, जळणारं इंधन आणि चाक. सोळाव्या वर्षी सुचलेलं आणि १९०७ मध्ये गुंडाळलेलं तेच यंत्र सत्तरीच्या मॉसच्या डोळ्यांदेखत, त्याच गावात तयार होऊन हवेत गेलं होतं. १९४६ मध्ये तो वारला.

त्यानंतर सोळा वर्षांनी टर्बो विक्रीच्या मोटारीत आला. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये कम्प्रेशन रेशो १० च्या वर होता आणि वरून टर्बो. नॉकिंग टाळायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीतून फवारावं लागे. मालक ती टाकी भरायला विसरत, मग बूस्ट बंद पडे, तक्रारी होत. शेवटी अनेक गाड्यांमधले टर्बो काढून टाकावे लागले. एवढ्या मोठ्या कंपनीच्या गाडीची ही गत, तर अर्ध्या दिवसात बसवलेल्या किटची काय कथा!

लिनचा कारखाना आजही चालू आहे. आपल्या 'तेजस' लढाऊ विमानातलं एफ-४०४ इंजिन तिथलंच. आणि पाइक्स पीकच्या त्याच रस्त्यावर दर वर्षी डोंगरचढणीची शर्यत होते, माथ्यावरच्या विरळ हवेत टर्बोवाल्या गाड्या आपली ताकद टिकवून धावतात. तुम्हाला यात खरंच उतरायचं असेल, तर पहिली खरेदी किटची करू नका. डायनोवर एक तास बुक करा, गाडी आहे तशी मोजा, आणि तो पहिला आकडा वहीत लिहून ठेवा.